रेडिएटरमधली कारवी

सामंतांच्या घरात माझ्या पदवीपेक्षा आधी माझ्या हातांचा उपयोग झाला. माझे हात लहान आहेत. आठवीतल्या मुलीच्या बांगड्या मला आजही होतात. आमच्या गावाकडं, सातारच्या बाजूला, आई म्हणायची की या हातांनी भाकरी थापली तर पुरीएवढीच होणार. तिला काय माहीत की या हातांपायी मी एका परक्या घरातल्या अशा गोष्टीपर्यंत पोचेन, जिथपर्यंत त्या घरातली माणसंही एकमेकांना सोबत घेऊन पोचली नव्हती.

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि अंधेरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. वडील गावच्या सूतगिरणीत हमाल होते. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. राहायची सोय आमच्या गावच्या हेडमास्तरांच्या ओळखीनं सामंतांकडे झाली. मरोळच्या पुढे, जिथून आरे कॉलनीची झाडी सुरू होते, तिथल्या एका उतरत्या गल्लीतलं शेवटचं बैठं घर. घरात काका आणि काकू, दोघंच. काका एका मशीन टूल कारखान्यातून निवृत्त झालेले, चष्म्याच्या काड्याही मोजून पुसणारे. काकू मालवणकडच्या, बुटक्या, कामाला वाघ. मला मागच्या गॅलरीत खाट दिली होती, पण पहिल्या रविवारी काकूंनी माझं ताट स्वयंपाकघरात आपल्या शेजारीच मांडलं. मी तोवर मासा खाल्ला नव्हता. बांगड्याच्या तिखल्यातला काटा कसा काढायचा ते त्यांनी मला लहान मुलासारखं शिकवलं. "घाबरू नको गो, काटा आपल्याला शोधत येत नाही, आपणच त्याला शोधायचा," म्हणाल्या. त्या घराचं माझ्यावर किती ऋण आहे हे मी कधी नीट सांगू शकले नाही. हे प्रकरण लिहायला इतकी वर्षं लावली त्याचंही तेच कारण.

घरात तिसरं माणूस होतं, पण त्याचं नाव कोणी घेत नसे. विनय, त्यांचा एकुलता एक. आरेच्या पलीकडच्या एका स्टुडिओत तो कॅमेऱ्याचं काम करी. दोन वर्षांपूर्वी काविळीनं नवव्या दिवशी गेला. सत्तावीस वर्षांचा होता. हॉलमध्ये त्याचा फोटो नव्हता. फोटोच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन होता, आणि घराच्या बाजूच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, त्याची गाडी होती. परदेशी, दोनच सीटांची, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या जनावरासारखी. एका निर्मात्यानं सिनेमापुरती आणवलेली ती गाडी नंतर विनयनं त्याच्याकडून घेतली होती. काका म्हणत, "तो गेला त्या दिवसापासून ती हललेली नाही." असं म्हणताना ते ताडपत्रीकडे बघत नसत.

दुपार ही त्या घरातली विचित्र वेळ. सुट्टीच्या दिवशी मला ती कळायची. जेवण झालं की काका रक्तदाबाची गोळी घेऊन झोपत. डॉक्टरांनी त्यात झोपेचीही काही तरी घातली होती, त्यामुळे झोप जड. काकू भांडी विसळत ती इतक्या हळू, की भांड्याला भांडं लागू देत नसत. पंख्याचा आवाज, लांबून तबेल्यातल्या म्हशींचं हंबरणं, आणि मध्येच ताडपत्रीचं टोक वाऱ्यानं फडफडायचं. त्या फडफडीला काका झोपेतही दचकायचे. मी दारातून पाहिलेलं आहे. डोळे मिटलेलेच, पण हाताची बोटं चादर घट्ट धरायची.

शेजारच्या गावठाणातून रोझीबाई अंडी घेऊन यायच्या. मी राहायला आल्यावर पंधराएक दिवसांत त्यांनी मला फाटकाशी अडवलं. "पोरी, तू शिकलेली हाय म्हणून सांगते. ती गाडी जाते. मी दोनदा पायलंय. तुझी काकू आत बसलेली असते, आणि हाकायला कोण नाय. ड्रायव्हरची जागा खाली." त्यांनी छातीवर क्रूस काढला. "काकाला सांगू नको हां. बाप हाय तो. त्याला कसं सांगनार?"

मी हसले. विज्ञानाची पदवीधर होते ना. पण त्यानंतर संध्याकाळी कामावरून आले की शेडच्या बाजूनं न जाता मी वळसा घालून मागच्या दारानं घरात शिरू लागले.

मे महिन्यात काकांनी गाडी विकायचं ठरवलं. महिनाअखेरीला सांताक्रूझहून एक गिऱ्हाईक येणार होतं. ताडपत्री काढली तेव्हा मी पहिल्यांदा ती गाडी जवळून पाहिली, आणि रोझीबाईंचं अर्धं भूत तिथेच उतरलं. स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्याला सवय उजवीकडे ड्रायव्हर बघायची. डावीकडे बसलेलं माणूस आपल्याला ड्रायव्हर वाटतच नाही. भूत गेलं, पण त्याच्या जागी दुसरं काही आलं, आणि ते मी मनात नीट उच्चारलंही नाही.

काकांनी नवी बॅटरी बसवून गाडी सुरू केली. पाच मिनिटांत उष्णतेचा काटा लाल रेषेला टेकला. त्यांनी लगेच बंद केली. "रेडिएटर चोंदलेत. या गाडीचं इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे आहेत, नाकाच्या दोन कोपऱ्यांत दोन. गाडी पळते तशी ती समोरचं सगळं आत ओढते, पाला, किडे, कागद. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही." मेकॅनिकला ते हात लावू देणार नव्हते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "शालन, तुझा हात त्या फटीत जाईल."

रविवारी सकाळी आम्ही बसलो. काकांनी पुढची जाळी आणि तिच्यामागचं पत्र्याचं नळकांडं सोडवलं. मला एक जुना टूथब्रश, काकूंची लोकरीची सुई आणि पिठाची जुनी चाळण दिली. रेडिएटरच्या पत्र्या वहीच्या पानांसारख्या पातळ असतात, जोर लावला की दुमडतात. म्हणून सुई पत्र्यांच्या रेषेतच फिरवायची, आडवी कधी नाही. मग काका म्हणाले, "एक कर. जे निघेल ते फेकू नकोस. वरचा थर वेगळा, खालचा वेगळा ठेव. तुझा विषय आहे. काय आहे आणि कधीचं आहे, ते मला सांग." मला त्यात काही विशेष वाटलं नाही. काका खिळेसुद्धा वर्गवारीनं ठेवत. उलट मला अभिमान वाटला, की माझ्या शिक्षणाचं कोणाला तरी काम पडलं. मी कॉलेजात हर्बेरियमसाठी झाडंपानं वाळवून ठेवतात तसे रद्दीच्या कागदाचे पुडे केले आणि प्रत्येकावर लिहिलं: डावा, बाहेरचा थर. डावा, मधला. डावा, आतला.

ते काम मला आवडलं, हे कबूल करते. गाडीच्या नाकपुडीत कोपरापर्यंत हात घालून बोटांच्या टोकांनी बघायचं. काका थोडा वेळ थांबून आंघोळीला गेले. वरच्या थरात गवताच्या काड्या आणि कडब्याचा भुसा होता. मग पतंग, पंखांची पूड झालेले. मग एका पक्ष्याचं पीस, पूर्ण, जणू आताच गळलेलं. सगळ्यात आत, पत्र्यांना चिकटून, सुरूच्या काड्या आणि पांढरी वाळू. गोराईच्या किनाऱ्यावरची असणार. त्यात स्टुडिओत उधळतात तसली सोनेरी चमकी. म्हणजे तो थर विनयचा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाचा एखादा रविवार मी चाळणीत झाडत होते. अंगावर काटा आला, पण दुःखाचा, भीतीचा नव्हे.

भीती मधल्या थरात होती. मी घाईत तो चाळणीच्या कडेला सारला होता, तो परत पाहिला. काड्यांवर चिकट केसाळ गोंडे, वाळून तपकिरी झालेले, कडा अजून जांभळट. त्यांना एक उग्र गोडसर वास होता. सोबत काही टणक, लांबट बोंडं. मी ते नाकाशी नेलं आणि उकिडवी बसले होते ती खालीच बसले. कारवी होती ती. कारवी सात वर्षं नुसती पानं घेऊन उभी राहते, मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. इथल्या डोंगरावर ती फुलली होती फक्त गेल्या पावसात. कॉलेजच्या मुलांना घेऊन सर गेले होते, त्याचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत माझ्याच हातांनी चिकटवलेले होते. विनय त्याच्या एक वर्ष आधी गेला होता. बोंडं तर फुलांनंतर कित्येक महिन्यांनी वाळतात. म्हणजे ही गाडी पावसात कारवीत गेली होती, आणि बोंडं वाळल्यावर पुन्हा गेली होती.

मागे कोणी तरी उभं होतं. मी वळले. काकू, हातात कोकम सरबताचे दोन पेले. त्या चाळणीकडे बघत होत्या.

"ते टाक," त्या म्हणाल्या.

मी टाकलं नाही. काकू आत गेल्यावर मी ते ओच्यात बांधलं. दुपारी काका झोपल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या आंबोळीसाठी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता बोलल्या. "तू शिकलेली, तुला कळलं असणार. विनयनंच शिकवली मला गाडी, आरेच्या रस्त्यांवर, यांना न सांगता. म्हणायचा, आई, तू साडी नेसून चालवतेस ना, सिनेमावाले वेडे होतील. आणि म्हणाला होता, पुढच्या पावसात कारवी फुलेल, तुला घेऊन जातो. या टेबलावर म्हणाला होता, यांच्यासमोर." तांदळातला एक खडा त्यांनी बोटानं बाजूला सारला. "फुलली, तेव्हा मी गेले. मग जातच राहिले. गुरुवारी, हे झोपल्यावर. फाटकापासून उतार आहे, गाडी नुसती सोडली की खाली जाते, इंजिन लागत नाही. वर डोंगराच्या कडेला कारवीत नाक घालून उभी करते, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. अर्धा तास बसते आणि येते."

"काकांना माहीत नाही?"

"त्यांनी चाकावर खडूची खूण केली होती. चाकावर एक रेघ, जमिनीवर एक. मला वाटलं, कोणी गाडी ढकलून नेईल म्हणून असेल. परत आले की मी रेघेला रेघ जुळवून ठेवते." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांना विनयचं नाव सोसत नाही गो. सांगू नको. आता विकतीलच. तेवढा एकच गुरुवार राहिलाय."

मी त्यांचं मीठ खात होते. शब्द दिला.

संध्याकाळी काका व्हरांड्यात पुडे उघडून बसले. चष्मा पुसला. "यात नवीन काही आहे का? तो गेल्यानंतरचं?"

"नाही काका," मी म्हणाले. "सगळं जुनंच आहे. विनयदादाच्या वेळचं."

माझ्या शिक्षणाच्या आधारावर मला कोणी विचारलेला तो पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर मी खोटं दिलं.

काका बराच वेळ पुड्यांच्या घड्या घालत राहिले. मग इतक्या शांतपणे बोलले, की मला आधी वाटलं हवेबद्दल काही सांगताहेत. "मला दुपारी तिचा आवाज येतो. आठ-नऊ महिने झाले. झोपेत असतो, डोळे उघडत नाहीत, पण फाटकाशी वळताना तो गिअर बदलायचा तसा आवाज, आणि मग बंद. पायात बळ येऊन उठेपर्यंत तासभर जातो. जाऊन बघतो, तर ताडपत्री तशीच. हात लावला तर कोमट लागते, पण या दिवसांत अंगणातला दगडही कोमट असतो. किलोमीटरचा काटा त्याच्याच वेळेपासून बंद. चाकाला खूण केली, ती केसभरही हलली नाही. गुरुवारी येतो आवाज. कधी कधी सोमवारीही." ते हसले. "म्हटलं, तुझं शास्त्र तरी सांगेल की गाडी हलते. नाही हलत. मग बिघाड माझ्यात आहे. गाडी विकून टाकतो आणि ठाण्याला डॉक्टरांना दाखवून घेतो. हिला काही बोलू नकोस. हिला त्याचं नाव सोसत नाही." मी मान हलवून शब्द दिला.

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना प्रमाणपत्रं दिली आहेत. तीस वर्षं शिकवलं, कित्येकांच्या कागदांवर सही केली. पण त्या संध्याकाळी मी एका शहाण्या माणसाला वेडाचं प्रमाणपत्र देऊन बसले होते. तो आठवडा मी दोघांच्या मधे बसून जेवले. काकू काकांना भात वाढत, काका 'पुरे' म्हणत. काकूंना गाठून सांगावं, असं रोज सकाळी ठरवायचे. पण काकांनीही शब्द घेतला होता. त्या घरानं मला इतकं दिलं होतं, की त्यातल्या कोणाचा एक शब्दही मला मोडवेना. गुरुवारी मी कॉलेजात होते. तीन वाजता प्रयोगशाळेतल्या घड्याळाकडे बघितलं आणि माझ्या हातातली काचपट्टी फुटली.

दुसऱ्या रविवारी उजवा रेडिएटर. नळकांडं काढून आत हात घातला आणि बोटांना चिकट गोंडे लागले. डाव्याच्या दुप्पट, गच्च बसलेले, त्यात बोंडांचे घोसच्या घोस. काका शेजारी स्टुलावर बसले होते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं. सुईनं मी हळूहळू सगळं कोरडंच काढू शकले असते, ओच्यात बांधू शकले असते. मी वरवरचा पाला काढला आणि हात बाहेर घेतला.

"काका, बाकीचं पाण्यानं काढू या," मी म्हणाले.

शब्द मी काकूंना दिला होता, काकांनाही दिला होता. कारवीनं कोणालाच दिला नव्हता.

काकांनी नळी लावली आणि मागच्या बाजूनं, पत्र्या दुमडू नयेत म्हणून अगदी हलकं पाणी सोडलं. थोडा वेळ नुसतं काळं पाणी गळत राहिलं. त्यांनी नळी बंद केली. अंगणात शांत झालं. आणि मग गाडीच्या आतून आवाज आला. टक्. जरा थांबून पुन्हा, टक्. कोणी आतून नखानं पत्र्यावर वाजवावं तसा. मग दोन एकदम. मग डावीकडून उजवीकडे सरकत गेल्यासारखे चार-पाच. मला कारण ठाऊक होतं, तरी मी गाडीपासून एक पाऊल मागे सरले.

काकांच्या हातातली नळी खाली पडली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ते गाडीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. "शालन, तुला येतोय का?"

"हो काका. मलाही ऐकू येतोय."

त्यांचे डोळे भरून आले. ते पुन्हा म्हणाले, "तुलाही येतोय," आणि स्टुलावर बसले. बंद गाडी टक्टक् करत होती. गेल्या रविवारची बोंडं मी सकाळीच ओच्यात बांधून घेतली होती, त्यातलं एक काढलं आणि त्यांच्या ओल्या तळहातावर ठेवलं. कारवीचं वाळलेलं बोंड पाणी लागलं की फुटतं. आम्ही दोघं बघत राहिलो. मिनिटभरात ते थरथरलं, तडकलं, आणि बी उडून त्यांच्या चष्म्याच्या काचेवर आपटलं. त्यांनी ते बोटांनी उचललं. चिकट गोंडा चाळणीतून घेतला, हुंगला. ते इंजिनिअर होते, त्यांना फार सांगावं लागलं नाही.

"कारवी," ते म्हणाले. "गेल्या पावसातली?"

"हो."

काकू दारात उभ्या होत्या. हात पिठाचे होते. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता या घरात काही तरी कायमचं फुटणार, आणि तेही माझ्यामुळे.

"तू?" काका म्हणाले.

"गुरुवारी," काकू म्हणाल्या. "फक्त गुरुवारी."

"मला आवाज यायचा. मला वाटलं, मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. काकूंचा हात तोंडाशी गेला. पीठ गालाला लागलं. काकांना आवाज येतो हे काकूंना माहीत नव्हतं, हे काकांनाही दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम उतरला. "चांगली फुलली होती का गं?"

"सगळा डोंगर जांभळा."

गाडीतून अजून एखाद-दुसरा टक् येत होता. काका त्या दोन सीटांकडे बघत होते. मग लहान मुलासारखे रुसून म्हणाले, "मला का नाही नेलंस? तो तर माझ्यासमोरच बोलला होता ना. दुसरी सीट रिकामीच होती की."

काकूंनी पदरानं हात पुसले. भात संपला हे सांगावं इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "रिकामी नव्हती."

आणि त्या आत गेल्या. काकांनी नळी उचलून गुंडाळली. ओली बोंडं दुपारपर्यंत तडकत राहिली आणि आम्ही तिघं जेवताना ते ऐकत राहिलो.

गिऱ्हाईक आलं त्याला काकांनी चहा पाजून परत पाठवलं. सोमवारच्या आवाजाचं मी तेव्हा कोणाला विचारलं नाही, पुढेही नाही. आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

त्या गुरुवारी मी नोकरीतली पहिली रजा घेतली. जेवणानंतर काकांनी गोळी घेतली नाही. इस्त्रीचा सदरा घातला. काकू डावीकडे स्टिअरिंगवर बसल्या, पदर खोचून. काका उजवीकडे, जिथे आपल्याकडे चालवणारा बसतो तिथे. फाटक मी उघडलं. इंजिन सुरू न करता काकूंनी गाडी सोडली, सवयीनं असेल, आणि ती आवाज न करता माझ्या पुढून उताराला लागली. जाताना मी आत पाहिलं. सीट चांगली रुंद होती, आणि काका वाळून गेलेले. तरी ते अंग चोरून, दाराला अगदी चिकटून बसले होते. बसमध्ये आपल्या सीटवर तिसऱ्याला जागा करून देताना माणूस बसतो, तसे.